नामधारी मालक

स्वतःच्या व्यवसायाचे मालक होण्याचे आमंत्रण देणाऱ्या जाहिराती आता महानगरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतील वाचकांपर्यंतही त्या पोहोचल्या आहेत. त्यांत खेळण्यांच्या दुकानांच्या जाहिराती विशेष आकर्षक असतात. जागा आणि भांडवल तुमचे, नाव आणि अनुभव आमचा. इतके चौरस फूट, इतके लाख रुपये, इतक्या महिन्यांत गुंतवणूक वसूल, असा त्यांचा साधारण मजकूर असतो. या व्यवस्थेला फ्रँचायझी म्हणतात. हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरजही कोणाला भासत नाही.

या आमंत्रणाला प्रतिसाद देणारा माणूस बडा भांडवलदार नसतो. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान हाती आलेला निवृत्त कर्मचारी, महामार्गात जमीन गेल्यामुळे मोबदला मिळालेला शेतकरी, पदवी घेऊनही नोकरी न मिळालेल्या मुलासाठी काहीतरी उभे करू पाहणारा बाप, मुले मोठी झाल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहू इच्छिणारी गृहिणी, हे लोक त्याकडे वळतात. दारूच्या दुकानाची शरम नाही, खाणावळीतला नासाडीचा धोका नाही, लहान मुलांचा हसरा धंदा आहे, असे त्यांना वाटते. आयुष्यभराची पुंजी अशा रीतीने एका करारावर लावली जाते, आणि तो करार इंग्रजीत, बारीक टाइपात, कंपनीच्या वकिलाने लिहिलेला असतो.

कोणी कार्यकर्ता म्हणेल की पाचपन्नास लाख गुंतवू शकणाऱ्या दुकानदाराची चिंता समाजवाद्यांनी का करावी? आक्षेप रास्त आहे. परंतु तो मूळ प्रश्नाला बगल देतो. फ्रँचायझी ही केवळ दुकान चालवण्याची एक रीत नाही. मालकीचे दोन तुकडे करून लाभाचा तुकडा एकीकडे आणि जोखमीचा तुकडा दुसरीकडे ठेवण्याची ती एक कायदेशीर युक्ती आहे. त्या युक्तीचा पहिला बळी दुकानदार असतो. दुसरा बळी त्याच्या दुकानात उभे राहून काम करणारी मुलगी असते. पहिला का बुडतो हे समजल्यावाचून दुसरीच्या शोषणाचे मूळ सापडत नाही.

प्रथम व्यवहार पाहू. नाव कंपनीचे. त्या नावाच्या वापरासाठी दुकानदार आरंभी प्रवेशशुल्क देतो, अनामत ठेवतो, कंपनीने ठरवलेल्या कारागिराकडून, कंपनीच्या नमुन्याबरहुकूम दुकानाची सजावट करून घेतो. त्यानंतर दर महिन्याला विक्रीवर ठरावीक टक्के स्वामित्वशुल्क भरतो. माल कंपनीकडूनच किंवा कंपनीने मान्य केलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा, कंपनीने ठरवलेल्या किमतीला विकायचा, कंपनी सवलत जाहीर करील तेव्हा सवलत द्यायची, अशा अटी बहुधा असतात. काही करारांत माल कंपनीचा राहतो आणि दुकानदाराला विक्रीवर दलाली मिळते. तपशील निरनिराळे असले तरी सूत्र एकच आहे: निर्णय कंपनीचा आणि खर्च दुकानदाराचा.

आता एक हिशेब करून पाहावा. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. परंतु प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या भाड्याचे व पगाराचे आकडे घालून तो पडताळावा. समजा, दुकानाची महिन्याची विक्री ६ लाख रुपये आहे आणि तीवर ३० टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये, ढोबळ नफा सुटतो. त्यातून जागेचे भाडे ६० हजार, पाच कामगारांचे पगार ६० हजार, वीज व इतर खर्च १५ हजार आणि विक्रीच्या ५ टक्के दराने स्वामित्वशुल्क ३० हजार, असे १ लाख ६५ हजार रुपये जातात. उरतात १५ हजार. दुकानदाराने २५ लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने काढले असेल तर केवळ व्याजच महिन्याला सुमारे २३ हजार होते. म्हणजे मुद्दलाचा हप्ता आणि स्वतःच्या श्रमाचा मोबदला दूरच राहिला; ८ हजार रुपये दरमहा घरातून घालावे लागतात.

या हिशेबातला खरा बोध पुढे आहे. समजा, विक्री १० टक्क्यांनी घटली आणि ५ लाख ४० हजारांवर आली. ढोबळ नफा १ लाख ६२ हजार होतो. भाडे, पगार, वीज तेवढेच राहतात आणि स्वामित्वशुल्क २७ हजार होते. खर्चाची बेरीजही १ लाख ६२ हजार. दुकानदाराच्या हाती, व्याज देण्यापूर्वीच, शून्य उरते. विक्रीतील १० टक्के घटीने कंपनीचे शुल्क १० टक्क्यांनी कमी झाले. दुकानदाराचे उत्पन्न १०० टक्क्यांनी नाहीसे झाले. कारण कंपनीचा हिस्सा विक्रीतून निघतो आणि दुकानदाराचा नफ्यातून. दुकान तोट्यात चालले तरी कंपनीचे शुल्क चालूच राहते. जमीनदाराचा खंड जसा पीक बुडाल्यावरही थांबत नसे, तसाच हा प्रकार आहे.

याच कारणाने दोघांचे हितसंबंध एकमेकांशी जुळत नाहीत. गावात दुसरे दुकान उघडले तर दोन्ही दुकानांची मिळून विक्री वाढते, म्हणून कंपनीचे शुल्क वाढते. पण प्रत्येक दुकानाची विक्री घटते, म्हणून दोन्ही दुकानदार खचतात. मोठी सवलत जाहीर केली की खप वाढतो, पण दुकानदाराचा नफा आटतो. तीच खेळणी कंपनी दूरध्वनीच्या पडद्यावरून थेट गिऱ्हाइकाला घरपोच विकते तेव्हा दुकान हे केवळ नमुने पाहण्याचे ठिकाण होते आणि त्या प्रदर्शनाचे भाडे दुकानदार भरतो. खेळण्यांचा धंदा तर मुळातच हंगामी आहे. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी सोडली तर वाढदिवसांवर दुकान चालते. भाडे मात्र बाराही महिने द्यावे लागते. एखादे चित्रपटातील पात्र वर्षभर गाजते आणि पुढच्या वर्षी कोणी विचारीत नाही. उरलेला माल कोणाच्या अंगावर पडणार, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी किती जण विचारतात?

मग ज्या नावासाठी हा सगळा खटाटोप करायचा त्या नावाचे तरी काय? अमेरिकेतील ‘टॉईज आर अस’ ही खेळण्यांची प्रचंड साखळी या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण आहे. चार्ल्स लाझरस यांनी १९४८ साली लहान मुलांच्या लाकडी सामानाचे दुकान काढले आणि त्यातून ती वाढली. २००५ साली तीन गुंतवणूक संस्थांनी सुमारे ६६० कोटी डॉलरना ती विकत घेतली. परंतु या खरेदीसाठी लागलेले बहुतांश कर्ज खरेदीदारांच्या नव्हे, तर विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर चढवण्यात आले. पुढे वर्षाला सुमारे ४० कोटी डॉलर कर्जफेडीत जाऊ लागले. दुकाने सुधारायला पैसा उरला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१८ साली अमेरिकेतील सातशेहून अधिक दुकाने बंद झाली. तीस हजारांहून अधिक कामगार बेकार झाले, तेही सेवामुक्तीच्या भरपाईवाचून. त्यांनी निदर्शने केली, लोकप्रतिनिधींना गाठले, तेव्हा कोठे त्यांतील दोन गुंतवणूक संस्थांनी २ कोटी डॉलरचा मदतनिधी उभारला.

परंतु नाव मेले नाही. दुकाने गेली, गोदामे गेली, कामगार गेले. नाव तेवढे शिल्लक राहिले आणि २०२१ साली ते एका अशा कंपनीने घेतले, जिचा मुख्य व्यवसायच प्रसिद्ध नावे विकत घेऊन ती इतरांना वापरायला देण्याचा आहे. भारतात या नावाचे पहिले दुकान बंगळुरूत उघडले ते २०१७ सालीच, म्हणजे ज्या वर्षी मूळ कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात उभी राहिली त्या वर्षी. भांडवलशाहीच्या प्रारंभी कारखानदार निदान कारखाना उभारीत असे आणि व्यापारी निदान माल साठवीत असे. येथे उरले आहे ते केवळ अक्षरांचे भाडे.

‘हॅम्लेज’ या नावाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. १७६० साली लंडनमध्ये निघालेले हे दुकान एकविसाव्या शतकात आइसलंडच्या गुंतवणूकदारांकडे, तेथून फ्रान्सच्या कंपनीकडे, २०१५ साली पादत्राणे विकणाऱ्या एका चिनी कंपनीकडे आणि २०१९ साली सुमारे ६२० कोटी रुपयांना रिलायन्सकडे गेले. भारतातील त्याचा परवाना त्यापूर्वीच रिलायन्सकडे होता. म्हणजे परवाना घेणाऱ्यानेच अखेर मूळ मालकाला विकत घेतले. एखादा भाबडा वाचक यावरून म्हणेल की पाहा, फ्रँचायझी घेणाराही मालक होऊ शकतो! होऊ शकतो, पण तो देशातील सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांपैकी एक असेल तरच. २०२२ साली याच समूहाने खेळणी बनवणाऱ्या एका इटालियन कंपनीच्या भारतातील उत्पादनव्यवसायात ४० टक्के भाग घेण्याचा करार केला. कारखान्यात वाटा, नाव, दुकान आणि घरपोच विक्री ही सारी साखळी एका हाती येऊ लागली की सांगलीच्या किंवा अकोल्याच्या एकट्या दुकानदाराची करारातील ताकद किती उरते, हे सांगायला अर्थशास्त्र शिकण्याची गरज नाही.

या नावाचे भारतातील पहिले दुकान २०१० साली मुंबईत लोअर परळला, फिनिक्स गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या व्यापारी संकुलात निघाले, ही गोष्ट समाजवादी चळवळीच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. ज्या आवारात पाळीचे भोंगे वाजत होते तेथे आता संगीत वाजते. त्यात काम करणारी तरुण मुले गिरणी कामगारांप्रमाणे एका फाटकातून आत येतात खरी, पण प्रत्येकाचा मालक वेगळा, प्रत्येकाचा करार वेगळा. गिरणीने कामगारांना एकत्र आणले होते. संकुलाने त्यांना एका छपराखाली आणूनही विखुरलेले ठेवले आहे.

येथेच या विषयाचा गाभा येतो. मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम १९४८ लहान दुकानांतील नोकरांनाही लागू होता. त्याच्या जागी महाराष्ट्राने २०१७ साली जो कायदा केला त्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून वगळले. अशा दुकानाने केवळ सूचना द्यायची. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. कर्मचारी राज्य विम्यासाठी दहा आणि भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस कामगारांची अट आहे. आता विचार करावा की एका नावाची पाचशे दुकाने आहेत आणि प्रत्येकात सात कामगार आहेत. नाव एक, गणवेश एक, दरपत्रक एक, हिशेबाचे यंत्र एक, अभिवादनाचे वाक्यसुद्धा एक; कामगार साडेतीन हजार. ही दुकाने कंपनीच्या स्वतःच्या शाखा असत्या तर भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यात पुढे घातलेल्या कलम २-अ प्रमाणे साऱ्या शाखा मिळून एक आस्थापना ठरली असती. परंतु ती पाचशे स्वतंत्र मालकांची पाचशे दुकाने आहेत, म्हणून कायद्याच्या दृष्टीने सात-सात कामगारांची पाचशे किरकोळ आस्थापने होतात. नफ्यासाठी साखळी एक आहे. जबाबदारीसाठी तिच्या कड्या सुट्या आहेत.

महाराष्ट्राला ही युक्ती नवी नाही. विडी कारखानदारांनी तीच वापरली होती. पाने आणि तंबाखू कारखानदाराची, विडीवरचे लेबल कारखानदाराचे, पण विडी वळणारी बाई मात्र सट्टेदाराची कामगार, असे सांगून कारखानदार हात झटकीत असे. सिन्नरच्या, संगमनेरच्या, सोलापूरच्या स्त्रियांना ज्या लढ्यांतून जावे लागले त्यांचा एक मुख्य मुद्दा हाच होता की खरा मालक कोण? १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला तेव्हा मध्यस्थाच्या मागे उभ्या असलेल्या मुख्य मालकावर जबाबदारी टाकण्याचे तत्त्व संसदेने मान्य केले. फ्रँचायझी ही त्याच सट्टेदारीची सुधारलेली आवृत्ती आहे. फरक इतकाच की जुन्या सट्टेदाराला कारखानदार कच्चा माल देत असे; नवा सट्टेदार स्वतःच्या घरातून भांडवल आणून स्वतःच्या गळ्यात फास घालून घेतो.

कायदा या दुकानदाराच्या बाजूने कितपत उभा राहतो? फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. १८७२ चा करार कायदा लागू होतो. पण तो दोन्ही पक्षांना समबल मानतो. त्यातील कलम २७ व्यवसायावर बंधने घालणारे करार निरर्थक ठरवते. तथापि कराराच्या मुदतीत घातलेल्या अशा बंधनांना ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली गुजरात बॉटलिंग कंपनीच्या प्रकरणात ठरवले. ग्राहक न्यायालयात जावे तर ‘व्यापारी हेतू’ हे शब्द आडवे येतात. उरतो लवाद, आणि तो बहुधा कंपनीच्या सोयीच्या शहरात.

खुद्द भांडवलशाही देशांनी या बाबतीत अधिक सावधगिरी दाखवली आहे. अमेरिकेत १९७९ पासून नियम लागू आहे. आजच्या स्वरूपात त्याप्रमाणे करार होण्यापूर्वी किमान १४ दिवस कंपनीला सविस्तर माहितीपत्र द्यावे लागते. तीवर कोणते खटले चालू आहेत, किती दुकाने उघडली, किती बंद झाली, आणि ज्यांनी दुकाने सोडली त्यांची नावे व संपर्क काय, हेही त्यात सांगावे लागते. फ्रान्सने १९८९ साली कायदा करून २० दिवसांची मुदत ठेवली. चीनने २००७ च्या नियमांत ३० दिवसांची मुदत तर ठेवलीच, शिवाय ज्या कंपनीने स्वतःची दोन दुकाने वर्षाहून अधिक काळ चालवून दाखवली नाहीत तिला आपले नाव दुसऱ्याला देता येणार नाही असे बंधन घातले. ही शेवटची अट साधी असली तरी नेमकी वर्मावर बोट ठेवणारी आहे. जो धंदा आपण स्वतः चालवून पाहिला नाही तो दुसऱ्याच्या पैशाने चालवून पाहण्याचा अधिकार कोणालाही असू नये.

खेळण्यांच्या धंद्यात जोखमीचा आणखी एक पदर आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केंद्र सरकारने काढलेला गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हावाचून खेळणी विकणे गुन्हा ठरले. आदेश आवश्यकच होता. मूल जी वस्तू तोंडात घालते तिच्या रंगात विष असता कामा नये. जानेवारी २०२३ मध्ये ब्यूरोने देशभर छापे घालून १८,६०० खेळणी जप्त केल्याचे जाहीर केले; त्यांत विमानतळांवरील आणि मोठ्या संकुलांतील नामवंत दुकानेही होती. २०१६ च्या ब्यूरो कायद्याने पहिल्याच गुन्ह्यासाठी किमान २ लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. प्रश्न असा की माल निवडण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याच्या फळीवर सदोष माल सापडला तर जबाब कोणी द्यायचा? फळी दुकानदाराची, म्हणून पहिली नोटीस त्याच्याच दारावर लागणार.

आणि माल निवडण्याचा हा अधिकार दुकानदाराने गमावला की एकटा तोच काही गमावत नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून आंबा, सीताफळ, केळी अशी हुबेहूब रंगवलेली फळे आणि लहान मुलांची खेळणी पिढ्यान्‌पिढ्या बनत आली आहेत. कर्नाटकात चन्नपट्टण, आंध्रात कोंडापल्ली यांची परंपराही तशीच आहे. सरकारने २०२० साली खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना गुणवत्ता आदेशातून सूटही दिली. २०१८-१९ साली सुमारे ३७ कोटी डॉलर असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ साली ११ कोटी डॉलरवर आली. परदेशी मालासाठी सरहद्दीवरचे दार असे अरुंद झाले. पण देशी कारागिराला दुकानाचे दार उघडले का? सिंधुदुर्गात किंवा कोल्हापुरात साखळी दुकान चालवणारा दुकानदार चितार आळीतले लाकडी बदक आपल्या फळीवर ठेवू म्हणेल तर त्याला दूरच्या कार्यालयाची परवानगी लागेल. त्या कार्यालयाला हजारो नग एकसारखे, ठरल्या तारखेला, उधारीवर हवे असतात. कारागीर ते देऊ शकत नाही. पूर्वीचा दुकानदार निदान दहा बदके ठेवून पाहत असे. आता शेजारच्या आळीत बनणारी वस्तू शेजारच्या दुकानात विकता येत नाही. स्वदेशीचे शुल्क सरहद्दीवर बसवून भागत नाही. फळीवर कोणाची सत्ता आहे, हेही पाहावे लागते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुने स्वतंत्र दुकान म्हणजे आदर्श नव्हे. तेथे पावती मिळत नसे, पोऱ्याला पगारी सुट्टी माहीत नसे, रंग उडणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकची चौकशी कोणी करीत नसे. साखळी दुकानांनी मालाची नोंद, किमतीची शिस्त आणि नवख्या माणसाला धंद्याचे शिक्षण दिले, हे नाकारता येणार नाही. एकट्याने घाऊक बाजारात उतरणाऱ्याला जो भाव मिळत नाही तो शंभर दुकानांच्या एकत्र खरेदीला मिळतो, हे अर्थशास्त्र खरेच आहे. म्हणून दुकाने एकत्र येण्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की एकत्र आल्याने निर्माण होणारे सामर्थ्य कोणाच्या मालकीचे असावे?

याचे उत्तर युरोपातील खेळणी विक्रेत्यांनी फार पूर्वी दिले आहे. जर्मनीतील खेळणी दुकानदारांनी १९०४ सालीच ‘फेडेस’ या नावाने संघ स्थापून एकत्र खरेदीचा मार्ग धरला. फ्रान्समध्ये ‘जुए क्लब’ हे नाव स्वतंत्र दुकानदारांच्या सहकारी संस्थेचे आहे. तेथेही पाटी एक, जाहिरात एक, घाऊक खरेदी एक. परंतु नावाची मालक सभासद दुकाने आहेत. नावाला जी किंमत येते ती सभासदांच्या घरात परत जाते. स्वामित्वशुल्काच्या जागी वर्गणी आहे आणि दूरच्या कार्यालयाच्या जागी सर्वसाधारण सभा आहे. ज्या महाराष्ट्रात १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी ‘अपना बाजार’ उभा केला आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने हजारो कुटुंबांची एकत्र खरेदी चालवून दाखवली, त्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. सहकाराची पुढे काय दशा झाली, सत्तेच्या राजकारणाने तिचे कसे लचके तोडले, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. पण म्हणून दोष तत्त्वाचा ठरत नाही. एका जिल्ह्यातील वीस-पंचवीस खेळणी विक्रेत्यांची खरेदी संस्था ही साखर कारखान्याइतकी मोठी गोष्ट नव्हे. ती सुरू करायला मंत्र्याची शिफारस लागत नाही, आणि तिच्या फळीवर चितार आळीच्या बदकाला जागा द्यायची की नाही, हे ठरवायला कोणाची परवानगीही लागत नाही.

तोपर्यंत चार गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. फ्रँचायझी देणाऱ्या प्रत्येक कंपनीला करारापूर्वी माहितीपत्र, तेही ग्राहकाच्या भाषेत, म्हणजे येथे मराठीत, देण्याची सक्ती करणारा कायदा व्हावा; बंद पडलेल्या दुकानांची यादी त्यात असावी. दुसरे म्हणजे करार संपल्यास उरलेला माल परत घेण्याची, जवळ दुसरे दुकान न उघडण्याची आणि मुदतपूर्व नोटिशीची किमान हमी कायद्यानेच द्यावी. ती दुकानदाराच्या वाटाघाटींवर सोडू नये. तिसरे, एका नावाखाली चालणाऱ्या सर्व दुकानांतील कामगार सामाजिक सुरक्षेसाठी एकत्र मोजावेत आणि वेतन, निधी व विमा यांची जबाबदारी दुकानदाराबरोबर नावाच्या मालकावरही असावी. चौथे, सदोष मालाचा पहिला जबाब माल निवडणाऱ्याने द्यावा.

यांतील तिसरी मागणी दुकानदाराला प्रथम रुचणार नाही. कामगाराला हक्क मिळाले की आपला खर्च वाढेल, अशी त्याला भीती वाटेल. त्याला हे समजावणे हेच कार्यकर्त्याचे काम आहे. त्याचा खर्च वाढवतो आहे तो सात हजारांची वाढ मागणारा नोकर नव्हे; नफा असो वा नसो, दरमहा आपला वाटा आधी उचलणारा नावाचा मालक आहे. दोघांची लढाई एकाच पत्त्यावर जाते. आज दुकानदार स्वतःला मालक समजतो आणि म्हणून नोकराशी भांडतो. पाटीवर नाव दुसऱ्याचे, किंमत दुसऱ्याची, माल दुसऱ्याच्या पसंतीचा, आणि कर्जाच्या कागदावर सही तेवढी आपली, हे ज्या दिवशी त्याच्या ध्यानात येईल त्या दिवशी तो कोणत्या बाजूला आहे हे त्याला सांगावे लागणार नाही.

ती वेळ त्याचे घर गहाण पडल्यावर येऊ नये, याची काळजी आताच घेतली पाहिजे. आपल्या गावात अशी जाहिरात पाहून कोणी पुंजी मोडायला निघाला असेल तर कार्यकर्त्याने त्याच्याबरोबर बसावे, करार मोठ्याने वाचावा, वरचा हिशेब त्याच्या आकड्यांनी मांडावा आणि कंपनीला लेखी एकच प्रश्न विचारायला लावावे: गेल्या तीन वर्षांत तुमची किती दुकाने बंद झाली आणि ती चालवणारे लोक आज कोठे भेटतील? उत्तर आले तर त्या लोकांना जाऊन भेटावे. उत्तर आले नाही, तर तेच उत्तर समजावे.